दहावा सूचक

"सुकदेव, हात धुऊन ये. एक सही पाहिजे," कुंदन सर म्हणाले.

सुकदेवचे दोन्ही हात कोपरापर्यंत बट्टीच्या पिठात होते. समोर गोवऱ्यांचा आर फुलला होता, बाजूच्या पातेल्यात घोटलेल्या वांग्याची भाजी रटरटत होती, आणि दीड वाजता पाचशे माणसं पंगतीला बसायची होती. निमित्त होतं दादासाहेबांच्या एका कार्यकर्त्याच्या नवसाचं. निवडणूक जाहीर झाली की आमच्याकडे नवस भराभर फळतात. ज्यांनी जन्मात देवापुढे उदबत्ती लावली नाही, त्यांनाही कुठला तरी जुना नवस आठवतो, मंडप पडतो आणि सुकदेव आचाऱ्याला बोलावणं जातं. आचारसंहितेच्या पथकानं विचारलंच तर देवाचा फोटो पुढे करायचा.

गेली पंचवीस वर्षं सुकदेवनं असे सगळ्यांचे नवस रांधले होते. आमदार दादासाहेबांचे रांधले, त्यांच्याविरुद्ध दर वेळी उभा राहणाऱ्या वाळूच्या ठेकेदाराचेही रांधले. "मना हातले पक्ष नही," असं तो म्हणायचा, आणि लोकांना ते पटायचं, कारण वरण दोन्हीकडे सारखंच घट्ट असायचं.

त्यानं हात धुतले आणि धोतराला पुसत बाहेर आला. सर चिंचेखाली स्कूटरला टेकून उभे होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत उमेदवारीचा अर्ज.

"मी उभा राहतोय. ग्रामनीती पक्षाकडून."

"कोनता पक्ष?"

"बघ, तुलासुद्धा माहीत नाही," सर हसले. "मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. आमच्यासारख्या किरकोळ पक्षवाल्यांना दहा मतदारांच्या सह्या लागतात. माझ्या दहा झाल्या होत्या. काल संध्याकाळी एक जण घरी आला, म्हणाला, सर, माझं नाव काढा, मला गावात राहायचंय. नवा अर्ज केला. त्यावर नऊ झाल्या. उद्या शेवटचा दिवस. तीन वाजेपर्यंत."

"आना. करी देस," सुकदेव म्हणाला. "सही तं तुम्हीच शिकाडी माले."

हे खरं होतं. सुकदेव तिशीला टेकेपर्यंत अंगठाबहाद्दर होता. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा कुंदन सरांनी त्याला चुलाणापाशी गाठून राखेत अक्षरं काढायला लावली होती. आता सर बहात्तरचे होते, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. तालुक्यात त्यांच्याविषयी दोन मतं नव्हती. शाळेत स्वतःला पाच मिनिटं उशीर झाला तर हजेरीपुस्तकात स्वतःच्या नावापुढे लाल शाईनं शेरा मारणारा हा माणूस. दारूच्या दुकानापुढे एकटे नऊ दिवस उपोषणाला बसले होते. खोटं बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती इतकी, की म्हशीच्या दुधात पाणी होतं की नव्हतं या भांडणातही लोक त्यांना साक्षीला बोलवायचे. त्यांच्या शेजारी जेवायला बसणं मात्र टाळायचे.

सरांनी अर्ज पुढे केला नाही. पिशवीतून एक छापील पत्रक काढून सुकदेवच्या हातात दिलं.

"आधी हे वाच. न वाचता सही करायची नाही, हे तुला पहिल्याच दिवशी शिकवलंय. पटलं तर उद्या तहसीलला ये. मी सकाळपासून तिथंच आहे."

स्कूटर गेली. तिच्या धुरातून भूपेंद्र बाहेर आला. हा दादासाहेबांचा माणूस, आजच्या नवसाचा खरा यजमान.

"नाना, सर काय म्हने?"

"सही पाहिजे म्हने."

भूपेंद्र हसला, मग हसायचा थांबला. "देखा नाना, सर देवमाणूस शे. पन देवमाणूस उभा राहिना की पडस कोन? दादासाहेब. सर दीड हजार मतं खातीन, आन ती बठ्ठी आपलीच. मंग वाळूवाला येई. तो उना की नदी बी जाई आन तुमनं नळनं पानी बी. सांगा, पाप कोनले लागी?"

"दादासाहेबनी काय कमी खादं?"

"खादं ना. मी कोठे नही म्हनस? पन रस्ता तं कया. खाईसन कया." भूपेंद्रनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आन ध्यानमा ठेवा, सूचकनं नाव भिंतवर लागस. मत कोनी देखत नही, सही बठ्ठा गाव देखस. उद्यापासून तुमले मांडवमा कोनी बलावनार नही."

तो हे धमकी दिल्यासारखं नाही, काळजी केल्यासारखं म्हणाला. म्हणूनच सुकदेवला जास्त भीती वाटली.

पंगती उठल्या, भांडी घासून पालथी पडली, तेव्हा सुकदेव पत्रक घेऊन चुलाणाच्या कडेला बसला. वाचायला त्याला वेळ लागायचा, बोट ओळीवरून सरकवत तो ओठ हलवत वाचायचा. पहिलं कलम दारूबंदी. दुसरं नदीतली वाळू. तिसरं शाळांना शिक्षक. चौथं, पाचवं, सहावं, सगळं पटण्यासारखं. निवडणुकीत जेवणावळी घालणाऱ्याची उमेदवारी रद्द करू, हे वाचून तो मनात म्हणाला, सर, मला काय उपाशी मारता का? तरीसुद्धा ते पटलंच. मग सातवं आलं.

'आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय होणाऱ्या विवाहांची नोंदणी थांबवणारा कायदा करू.'

त्यानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवलं, पण वाचलं नाही.

तीन वर्षांपूर्वी सुकदेवची एकुलती एक मुलगी नूतन जळगावला शिकता शिकता तिथल्याच नवीन नावाच्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न करून मोकळी झाली. मुलगा फ्रीज दुरुस्त करायचा, स्वभावानं गरीब होता, पण जात वेगळी. सुकदेवला ते लग्नानंतर चार दिवसांनी कळलं. त्या चार दिवसांत त्यानं तीन लग्नांचा स्वयंपाक केला होता, याचंच त्याला फार लागलं. दुसऱ्यांच्या पोरींच्या पंगती वाढत राहिलो आणि आपल्या पोरीच्या लग्नात साधा शिरा नाही, असं तो बायकोपाशी, कमलबाईपाशी म्हणाला आणि रडला.

त्याच सुमारास गावातली सरिता गेली. वय एकोणीस, सरांची आवडती विद्यार्थिनी. लग्नाचं आमिष दाखवून एक दलाल तिला राज्याबाहेर घेऊन गेला, लग्नाचा कागदही करून दाखवला. महिन्याभरानं तिचा फोन बंद झाला तो कायमचा. सर स्वतः तीनदा शोधायला जाऊन आले. रिकाम्या हातानं परत आले आणि त्यांनी ग्रामसभेत ठराव मांडला: आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय गावात कुठल्याही लग्नाची नोंद नको.

ग्रामसेवक म्हणाला, "सर, हे टिकणार नाही. मुलगी सज्ञान असली की घटनेनं तिला हक्क दिलाय. पण सभेचं म्हणणं म्हणून लिहून घेतो."

"लिहा," सर म्हणाले. "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

सभेतल्या सगळ्यांनी एकाच वेळी सुकदेवकडे पाहिलं. सरितेचं नाव निघालं होतं, पण सगळ्यांच्या डोळ्यांत नूतन होती. सुकदेवचा हात वर गेला. पहिला त्याचाच गेला. रागानं गेला, लाजेनं गेला, की सगळे बघत होते म्हणून गेला, हे त्याला आजवर कळलेलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं कमलबाईला पत्रक वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. सातव्या कलमाशी तिचा हात थांबला.

"मंग? सही करतस का?"

"सर चांगला माणूस शे. आसा माणूस पुन्हा उभा राहनार नही. आन हाई सातवं पाहिसन नूतननी याद येस. भूपेंद्र म्हनस मतं फुटतीन. सही नही करी तं सरले तोंड कसं दाखाडू? करी तं..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "तू सांग ना काहीतरी."

"माले काय इचारतस? जिनी लगीन कयं तिले इचारा."

"तिले कसं इचारू?"

"तोंडवरी," कमलबाई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

नूतनच्या घरी सुकदेव कधी गेला नव्हता. ती सणावाराला फोन करायची. पोळ्याला, दिवाळीला, अक्षय्य तृतीयेला. आईशी तासभर बोलायची आणि शेवटी म्हणायची, आबांना दे. सुकदेव फोन कानाला लावून म्हणायचा, "बरं शे. तू बरी ना?" आणि फोन परत कमलबाईकडे द्यायचा. तिला मुलगी झाली त्याला दीड वर्ष झालं होतं. नातीचा फोटो कमलबाईनं त्याला दाखवला होता, तोही तो चुलीला जाळ घालत असताना, म्हणजे नीट बघितलं नाही असं म्हणायला सोय.

पहाटेच्या पॅसेंजरनं तो दोंडाईच्याहून निघाला. लेकीच्या घरी रिकामं कसं जायचं म्हणून पिशवीत भरताची पाच मोठी वांगी घेतली होती. वरच्या खिशात पत्रक होतं. जळगाव स्टेशनवरून रिक्षावाल्याला त्यानं "मेहरूण" एवढंच सांगितलं, पुढचा पत्ता कागदावर होता. तलावाच्या अलीकडे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार नूतननंच उघडलं. अंगात कामावर जायचा ड्रेस, ती माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती.

"आबा?" तिनं त्याच्यामागे जिन्यात पाहिलं. "आई बरी आहे ना?"

"बरी शे, बरी शे. काही नही. माले जरा एक इचारनं व्हतं."

ती बाजूला झाली. जावई नवीन घरात नव्हता, तो सकाळीच दुरुस्तीला गेला होता. नात सुकदेवकडे पाहून मोठ्यांदा रडली, मग वांग्यांची पिशवी पाहून गप्प झाली आणि एक वांगं घेऊन कोपऱ्यात बसली. नूतननं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा त्याच्यापुढे ठेवला. सुकदेवनं घास तोडला. भाकरी चांगली झाली होती. कडा जरा जाड होत्या, ती लहानपणापासून तशाच ठेवायची. त्याचं मन भरून आलं, म्हणून त्यानं घाईघाईनं पत्रक काढलं.

"हाई सर उभा राही राह्यनात. त्यासले दहावी सही पाहिजे. तीनले टाइम सरस."

नूतननं पत्रक झरझर वाचलं. तिला बोट लागत नव्हतं. सातव्या कलमावर ती थांबली हे सुकदेवला तिच्या पापण्यांवरून कळलं.

"आणि तुम्ही मला विचारायला आलात?"

"तुनी माय म्हने."

"आईनं सांगितलं म्हणून?"

"मना मनमा बी व्हतं," सुकदेव म्हणाला.

नूतननं पत्रकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "आबा, आमच्या नोंदणीच्या दिवशी तिथल्या बाईंनी काय विचारलं माहीत आहे? वय विचारलं. साक्षीदार कोण ते विचारलं. माझ्या मनानं करतेय ना, हे विचारलं. बापाची चिठ्ठी कुठाय, हे नाही विचारलं. सरांचा कायदा असता तर तेच पहिलं विचारलं असतं. तुम्ही दिली असती चिठ्ठी?"

सुकदेवनं घास खाली ठेवला. "नही. नसती दिन्ही."

"बघा."

"मंग सही नको करू ना?"

"करा."

सुकदेव तिच्याकडे बघत राहिला.

"असं काय बघता? मला घटनेच्या ज्या पुस्तकानं हक्क दिला, त्याच पुस्तकानं सरांनाही दिलाय, उभं राहायचा. तुमच्या सहीवाचून ते उभेच राहिले नाहीत, तर लोकांनी त्यांना नको म्हणायचं तरी कसं? त्यांना उभं राहू द्या. सही करा आणि मत देऊ नका."

"आसं कसं? आपनच पंगत मांडनी आन आपनच ताटवरथून उठी जानं?"

नूतन हसली. तीन वर्षांनी त्यानं तिला हसताना पाहिलं. "सही म्हणजे पंगत मांडणं, आबा. जेवलंच पाहिजे असं कुठंय?"

"मंग मत कोनले देऊ? दादासाहेबले? त्यासनी खादेल बठ्ठं माले माहीत शे, मीच रांधं ते. वाळूवालाले? सरले नही, तं मंग कोनले?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी माझ्या नवऱ्यालाही सांगत नाही मी कोणाला देते ते."

म्हणजे सही करायची, पण मत द्यायचं नाही. सर चांगले, पण कलम वाईट. कलम वाईट, पण उभं राहायचा हक्क चांगला. सुकदेव मान हलवत होता, पण त्याला धड काही उमगलं नव्हतं. एवढं मात्र कळलं होतं की पोरीनं आपल्याला घरात घेतलं, जेवू घातलं, आणि ती आपल्याशी तावातावानं वाद घालतेय. त्याला इतकं बरं वाटत होतं की निवडणूक झाली नाही तरी चालेल असं त्याला वाटून गेलं.

"एक सांगू?" नूतन म्हणाली. "मला त्या कलमाचा राग येतो, पण सरांचा नाही येत. त्यांच्यामुळेच तर आपलं बोलणं टिकलं."

"कसं काय?"

"ग्रामसभेत ठराव झाला ते मला एका मैत्रिणीकडून कळलं. गावानं हात वर केले म्हणाली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आईला विचारलं तर ती विषय बदलायची. शेवटी मी सरांना फोन केला. म्हटलं, सर, खरं सांगा, माझ्या बापानं हात वर केला का? सर म्हणाले, तुझा बाप त्या दिवशी स्वयंपाकाला गेला होता, सभेला नव्हताच." तिनं पोरीच्या हातातलं चावलेलं वांगं काढून घेतलं. "बाकी कोणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. सर खोटं बोलत नाहीत. म्हणून मी फोन करत राहिले, आबा. नाहीतर कशाला केले असते?"

समोर नूतन बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पाणी प्यायलं.

"मी निघस," तो म्हणाला. "तीनले तहसीलले जानं शे."

परतीच्या गाडीत त्याला खिडकीपाशी जागा मिळाली, पण बाहेर काय गेलं ते त्याला दिसलं नाही. डोक्यात सगळ्याचा घोटा झाला होता, वांगं कुठलं आणि मिरची कुठली तेच कळेना. ज्या माणसानं म्हशीच्या दुधापायी खोटी साक्ष दिली नाही, तो आपल्यासाठी खोटं बोलला. मग तो खरा माणूस की नाही? आणि आपण? आपण तर गप्प बसून भाकरी खाऊन आलो. सरांनी एकदा खोटं सांगितलं, आपण तीन वर्षं त्याच्यावर लेकीचे फोन घेतले. अमळनेर गेलं. भूपेंद्रचं म्हणणं आठवलं, पाप कोणाला लागेल. त्याला वाटलं, लागायचं ते लागलेलंच आहे, आता फक्त कोणाच्या नावावर ते बघायचं.

स्टेशनवरून जीप पकडून तो तालुक्याला पोचला तेव्हा अडीच वाजून गेले होते. तहसीलच्या फाटकाबाहेर वाळूवाल्याची मिरवणूक येऊन उभी होती. ढोल, फेटे, गुलाल. आत व्हरांड्यातल्या बाकावर कुंदन सर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मनगटावरच्या घड्याळाकडे ते मुद्दाम बघत नव्हते, हे त्यांच्याकडे पाहूनच कळत होतं.

सुकदेव त्यांच्यापुढे उभा राहिला.

"सर, नूतनले तुम्ही खोटं काबर सांगं?"

सरांनी चष्मा काढला.

"जाऊन आलास तिच्याकडे?"

"व्हय."

"तिचा आवाज ऐकला आणि मला सांगता आलं नाही," सर म्हणाले. "ठराव माझा. हात मी मागितले. सगळे तुझ्याकडे बघतायत हे मला दिसत होतं, तरी मागितले. मग पोरीनं विचारलं तेव्हा तिला काय सांगू? बोललो खोटं. ते मला अजून टोचतं."

"मंग सातवं खोडी टाका," सुकदेव म्हणाला. आपण सरांना हुकूम सोडतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही. "आत्ते खोडा, मी आत्ते सही करस."

"नाही खोडणार."

"काबर?"

"सरितेची आई अजून दर बाजाराला मला भेटते. काही बोलत नाही, नुसती उभी राहते. पोलीस म्हणाले, सज्ञान होती, लग्नाचा कागद आहे, आम्ही काय करू. त्या कागदावर तिच्या आईची सही लागली असती तर?"

"पन नूतन म्हंजे सरिता नही ना, सर."

"नाही," सर म्हणाले. "आणि कायद्यानं त्या दोघींना वेगळं कसं ओळखायचं, ते मला कळत नाही. बहात्तर वर्षांचा झालो, तरी नाही कळत. कदाचित माझं चुकतही असेल. पण एका सहीसाठी छापलेलं खोडलं, तर मग मी आणि ते," त्यांनी फाटकाबाहेरच्या ढोलांकडे हात केला, "यांच्यात काय फरक उरला? तुला पटत नसेल तर करू नकोस. मी स्कूटर घेऊन घरी जातो. राग धरणार नाही."

ते खरंच धरणार नव्हते, आणि त्याचाच सुकदेवला राग आला. ज्यानं हे खोडायला हवं तोच खोडत नाही, आणि खोडत नाही म्हणूनच तो उभा राहायला हवा, असला कसला माणूस हा. आतून शिपाई ओरडला, "पंधरा मिनिटं राहिली! कोणाचे अर्ज बाकी आहेत?"

"आना तो कागद," सुकदेव म्हणाला.

यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, पूर्ण नाव, सही. नऊ नावांखाली दहावी ओळ रिकामी होती. क्रमांक सरांनी आधीच शोधून पेन्सिलीनं शेजारी लिहून ठेवले होते. सुकदेवनं बाकावर कागद ठेवला, गुडघे टेकले आणि एकेक अक्षर काढत सही केली. कळून केली असं कोणी विचारलं असतं तर त्याला हो म्हणता आलं नसतं.

"मत मी तुमले देनार नही, सर," उठताना तो म्हणाला.

"ते मला सांगायचं नाही," सर चष्मा घालत म्हणाले. "ते गुप्त असतं."

आत गर्दी नव्हती. अधिकाऱ्यानं अर्ज तपासला, दहा सह्या बोटानं मोजल्या, शिक्का मारला आणि सरांपुढे एक छापील कागद ठेवला. शपथ उभं राहून वाचायची असते. सर उभे राहिले. सदऱ्याची वरची गुंडी त्यांनी लावली. कायद्यानं स्थापन झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल मी खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगीन, असं त्यांनी वर्गात वाचायचे तसं, शेवटच्या बाकालाही ऐकू जावं अशा आवाजात वाचलं. अधिकारी नेहमीच्या सवयीनं कागद चाळत होता, तो हात थांबवून ऐकायला लागला. सुकदेव दाराशी उभा होता. पिशवीत सातवं कलम असलेला हा माणूस हे मनापासून म्हणतोय याविषयी त्याला तिळभर शंका नव्हती. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं ते त्याला समजलं नाही. त्याला एवढंच वाटलं की सर उभे राहून चार माणसांदेखत काहीतरी म्हणाले, आणि आपण सकाळी बसून राहिलो.

तो बाहेर आला. व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागे जरा आडोसा होता. तिथे उभं राहून त्यानं नूतनला फोन लावला. आजवर त्यानं स्वतःहून कधी लावला नव्हता, नंबर शोधायलाच वेळ लागला.

"आबा? पोचलात? केली का सही?"

"कयी." मग त्यानं श्वास घेतला. "नूतन, मी सभेले व्हतो."

"कुठल्या सभेला?"

"ठरावनी. मी तठेच व्हतो. हात वर कया व्हता मी. बठ्ठासना पहिले मीच कया. सर तुले खोटं बोलनात."

पलीकडे नातीचं बोबडं बोलणं ऐकू येत होतं, म्हणजे नूतन आज कामावर गेलीच नव्हती; मागे कुठेतरी नळ चालू होता. नळ बंद झाला.

"हे तुम्हाला आज कोणी सांगायला सांगितलं?" नूतननं विचारलं. आवाज सकाळचा नव्हता.

"कोनी नही."

"सकाळी मी समोर बसले होते, आबा."

"व्हय. सकायले धीर नही व्हयना."

फाटकाबाहेर ढोल एकदम वाढले, वाळूवाल्याची माणसं आत शिरत होती. त्या गोंगाटातून नूतनचा आवाज बारीक आला.

"आता मी पुढच्या सणाला फोन करायचा की नाही?"

सुकदेवला खूप म्हणायचं होतं. ये म्हणायचं होतं, नातीला घेऊन ये, मी रांधतो, गावजेवण घालतो. तो म्हणाला, "ते तू ठराव, बेटा. तू सज्ञान शे."

ती काही बोलली नाही. तिनं फोन बंदही केला नाही. ढोलांत ऐकू येईना, म्हणून सुकदेवनं दुसऱ्या कानावर हात घट्ट दाबून धरला आणि तो टाकीमागे तसाच उभा राहिला.